चालू टाकीही काढावी, असं मी आता म्हणते

जमिनीखालची तेलाची टाकी चालू असेल आणि गळत नसेल, तर तिला हात लावू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मी ते मोकळेपणानं सांगायचे. मी व्यवसायानं इंजिनिअर, त्यामुळे माझ्या शब्दाला वजनही मिळायचं. आज माझं मत बरोबर उलट आहे. टाकी चालू आहे, गळतीची खूण नाही, घर विकायची घाई नाही आणि बँकेत थोडी शिल्लक आहे, अशी वेळ असेल तर टाकी काढायची ती तेव्हाच. हा बदल कसा झाला आणि परवडण्याच्या हिशोबाशी तो कसा जोडलेला आहे, हे सांगण्यासाठी हे मनोगत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात घर गरम ठेवणं ही चैन नसते. ते केलं नाही तर पाइपांतलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात. नैसर्गिक वायूच्या वाहिन्या गल्लोगल्ली पोचण्याआधी इथली घरं कोळशावर आणि नंतर तेलावर तापायची. आजही देशातली सुमारे ५० लाख घरं तेलावर तापतात आणि त्यांतली बहुतेक याच पट्ट्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा तेलाची टाकी अंगणात पुरणं ही सर्रास पद्धत होती. बेसमेंटमधली जागा वाचायची आणि टाकी डोळ्यांआड राहायची. कुणाकडे २७५ गॅलनची, कुणाकडे ५५० ची, मोठ्या घराला १,००० ची. ५५० गॅलन म्हणजे जवळपास २,०८० लिटर. टाकी साध्या पोलादाची, एकपदरी. जमिनीवर दिसतात त्या दोनच नळ्या. एक तेल भरायची, दुसरी हवा बाहेर पडण्याची. तेलाचा ट्रक येतो, चालक नळी जोडतो आणि कान देऊन उभा राहतो. हवेच्या वाटेवर बसवलेली शिट्टी वाजते आहे तोवर भरत राहायचं. शिट्टी थांबली की टाकी भरली.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेल्या मराठी पिढीनं अशीच घरं घेतली. घराबरोबर टाकी आली. काहींनी पुढे गॅस घेतला आणि टाकी जागच्या जागी राहू दिली. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, मोठी घरं विकून लहान जागेत जाते आहे. ती घरं बघायला जाणारी तरुण जोडपी मला फोन करून विचारतात, “ताई, घर आवडलंय, पण अंगणात टाकी आहे. घ्यावं का?” विकणाऱ्या काकांचा आणि घेणाऱ्या मुलांचा, दोघांचाही प्रश्न माझ्याकडे यायचा. त्यामुळे माझं मत माझ्या अंगणापुरतं राहत नव्हतं.

त्या मताला कारणं होती आणि ती पोकळ नव्हती. पहिलं कारण कायद्याचं. जमिनीखालच्या टाक्यांसाठी केंद्र सरकारनं १९८८ मध्ये नियम केले. पेट्रोल पंपांच्या जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ ही मुदत दिली. पण आपल्याच घरात जाळायचं तेल ज्या टाकीत असतं, तिला त्या नियमांतून वगळलं. न्यू जर्सीही घरमालकाला चालू टाकी काढायला भाग पाडत नाही. दुसरं कारण, टाकी काढा असं सांगणारी बहुतेक माणसं खोदकाम करणारीच असायची. भीती दाखवून धंदा करणाऱ्याचं ऐकायचं नाही, हा माझा बाणा. तिसरं कारण, खोदलं की हिरवळ, पायवाट, झाडं, सगळंच उखडतं. चौथं कारण असं की टाकीची चाचणी करता येते. ती पास झाली तर आणखी काय हवं? आणि या सगळ्याच्या तळाशी आपला घरगुती अनुभव होता. पुण्यात आमच्या इमारतीखाली सिमेंटची पाण्याची टाकी होती. ती वर्षानुवर्षं टिकली आणि कुणी तिचा विचारही केला नाही.

या तुलनेपाशीच माझ्या मताला पहिली चीर गेली. सिमेंटच्या टाकीतलं पाणी झिरपलं तर पाणी जातं, पातळी खाली येते, लगेच कळतं. पोलादाची टाकी मातीत वेगळ्या रीतीनं म्हातारी होते. तिचा पत्रा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. बाहेरून ओली माती, क्षार आणि मातीतलं आम्ल त्याला खात असतात. आतून वेगळंच घडतं. टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते, पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं, आणि तेल-पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून गाळ तयार होतो. तळ असा दोन्ही बाजूंनी झिजतो. शिवाय ही झीज सगळीकडे सारखी नसते. पत्रा एका ठिकाणी जवळपास नवा आणि दोन बोटांवर आरपार खड्डा, असं होतं. तेल मोजायची काठी वर्षानुवर्षं जिथे आपटते, तिथे भरण्याच्या नळीच्या बरोबर खालीही पत्रा लवकर जातो. म्हणून टाकीचं वय सांगून तिची प्रकृती कळत नाही. पन्नास वर्षांची टाकी शाबूत निघू शकते आणि तीस वर्षांची चाळणी झालेली असू शकते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटली. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून जाणारं तेल हिशोबात दिसतच नाही. घर हिवाळ्यात शेकडो गॅलन तेल जाळतं, एखादा हिवाळा कडक, एखादा सौम्य. त्या चढउतारात थोडी गळती सहज बुडून जाते. गंजाचे पापुद्रे आणि भोवतालची माती कधी कधी छिद्र तात्पुरतं बुजवूनही टाकतात. बॉयलर नीट चालतो, बिल नेहमीसारखंच येतं, अंगणात वास येत नाही, आणि तरीही खाली तेल झिरपत असतं. ‘गळतीची खूण नाही’ या वाक्यावर माझं सगळं मत उभं होतं. खूण नसणं आणि गळती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजल्यावर त्या वाक्यावर भिस्त ठेवणं मला जड जाऊ लागलं.

चाचणीचंही तसंच. टाकीत दाब किंवा निर्वात निर्माण करून, संवेदक लावून गळती तपासतात. अशी चाचणी प्रामाणिकपणे केली तरी ती आजची गोष्ट सांगते, पुढच्या हिवाळ्याची नाही. आणि आज टाकी घट्ट असली तरी भोवतालच्या मातीत आधी काही सांडलं आहे का, हे ती सांगत नाही. भरण्याच्या वेळी उतू गेलेलं तेल किंवा टाकीपासून बर्नरपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या जुन्या नळीतून पाझरलेलं तेल तिच्या कक्षेतच येत नाही.

हे सगळं मला कागदावर पटलं होतं, तरी मत पूर्ण बदललं नव्हतं. ते बदललं आमच्याच रस्त्यावर. एका वृद्ध अमेरिकन दांपत्यानं घर विकायला काढलं होतं. मुलीच्या गावी लहान जागा घ्यायची, असा बेत. घेणाऱ्याच्या वकिलानं अट घातली की टाकी काढून माती तपासल्याशिवाय क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराची अंतिम पूर्तता, नाही. टाकी उचलली तेव्हा मी तिथे होते. तळाला बारीक छिद्रं होती. खालची माती काळपट, डिझेलसारखा उग्र वास. आमच्या भागात लाल शेलची जमीन आहे. त्या खडकाच्या भेगांमधून तेल कुठे आणि किती खोल गेलं असेल, हे वरून बघून सांगता येत नाही. राज्याच्या दक्षिणेकडच्या रेताड जमिनीत ते सरळ खाली उतरतं आणि भूजल लागलं की पाण्यावर तरंगत पसरतं.

गळती निघाली याचं मला तितकं आश्चर्य वाटलं नाही. मला हलवून गेली ती त्या दोघांची अडचण. घर विकण्याची तारीख डोक्यावर, खड्डा उघडा, राज्याच्या पर्यावरण खात्याला गळतीची सूचना देणं कायद्यानं बंधनकारक, आणि समोर उभा असलेला ठेकेदार सांगेल तो भाव. दुसरं कोटेशन मागवायला वेळ नाही, पावसाळी हवा, खरेदीदार अस्वस्थ. हेच काम ते पाच वर्षं आधी, एखाद्या उन्हाळ्यात, आपल्या सोयीनं करू शकले असते. तेव्हा कदाचित छिद्रंही नसती. असती तरी तीन कंपन्यांशी बोलून, वाटाघाटी करून काम झालं असतं. त्यांच्या हातून पैसा गेलाच, पण त्याआधी निवड गेली होती. टाकी काढणं परवडतं की नाही, हे टाकीइतकंच वेळेवर अवलंबून आहे, हे मला त्या खड्ड्याच्या काठावर कळलं.

मग मी कायद्याची आणि विम्याची कलमं पुन्हा वाचली. न्यू जर्सीच्या १९७६ च्या स्पिल अ‍ॅक्टमध्ये जबाबदारी ठरवताना दोष कुणाचा हे पाहिलं जात नाही. टाकी मी पुरली नाही, मी फक्त घर घेतलं, हे उत्तर सहसा पुरत नाही. घराच्या विम्याचं म्हणाल तर अनेक पॉलिसींमध्ये जमिनीखालच्या तेलगळतीला वगळणारं कलम असतं, आणि स्वतःच्या जमिनीच्या साफसफाईचा खर्च बहुधा मिळतच नाही. शेजाऱ्याच्या जमिनीचं किंवा भूजलाचं नुकसान झालं असेल तर जुन्या वर्षांच्या पॉलिसींकडे दावा करता येऊ शकतो. म्हणून घराच्या जुन्या पॉलिसींचे कागद कुणीही फेकू नयेत, असं मी आता आवर्जून सांगते. जमिनीखालच्या टाक्यांसाठी राज्याचा एक मदतनिधी आहे, पण त्यातला पैसा मागणीला अनेकदा अपुरा पडला आहे. आपल्या प्रकारच्या अर्जाला तो सध्या खुला आहे का, हे विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर एक डॉलरही धरू नये.

आकडे समोर ठेवले तर चित्र स्वच्छ दिसतं. आमच्या भागात शाबूत टाकी काढून, माती तपासून, खड्डा भरण्याचा खर्च ढोबळ मानानं दोन ते साडेतीन हजार डॉलर येतो. जमिनीवरची नवी २७५ गॅलनची टाकी बसवायला आणखी साधारण तितकाच. माती खराब निघाली तर दहा-वीस हजार सहज जातात, आणि तेल भूजलापर्यंत पोचलं असेल तर खर्चाला पार राहत नाही. पूर्वी मी म्हणायचे, “गळत नसलेल्या टाकीवर पाच-सहा हजार का घालवायचे?” आज मी म्हणते, पाच-सहा हजारांत भागतं ते टाकी गळत नाही तोवरच.

आमची टाकी आम्ही एका उन्हाळ्यात काढली. ती शाबूत निघाली. बाहेरून खड्डे पडलेले, पण छिद्र नाही, आणि मातीचा अहवाल स्वच्छ. काही मित्र म्हणाले, “बघा, उगाच खर्च केलात.” मला तसं अजिबात वाटत नाही. शाबूत टाकी बाहेर निघणं हाच तर या कामाचा सगळ्यात चांगला शेवट आहे. तो शेवट मिळावा म्हणूनच हे काम लवकर करायचं असतं.

आता ते परवडेल असं कसं करायचं, याबद्दल. इथे मी थोडी तपशिलात शिरणार आहे, कारण लोकांचे पैसे जातात ते तपशिलात.

सुरुवात टाकीपासून करू नका. टाकीनंतर घर कशावर तापणार, ते आधी ठरवा. बॉयलर चांगला असेल आणि अजून दहा-बारा वर्षं चालेल असं वाटत असेल, तर जमिनीवरची नवी टाकी घेऊन तेलच ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. बॉयलर थकला असेल आणि रस्त्यात गॅसची वाहिनी असेल तर गॅसचा भाव विचारा. विजेवर चालणाऱ्या हीट पंपाचा विचार असेल तर लक्षात घ्या की केंद्र सरकारची त्यावरची करसवलत २०२५ च्या अखेरीस संपली. वीज कंपनी किंवा राज्य काय देतं ते वेगळं विचारून मगच बेरीज करा. दोन-तीन वर्षांत हीट पंप घ्यायचाच असेल तर आज महागडी दुपदरी टाकी घेण्यात अर्थ नाही.

दुसरं, ऋतू. एप्रिल ते सप्टेंबर हा या कामाचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्येच तेल पुरवणाऱ्याला सांगून आपोआप होणारा पुरवठा थांबवा आणि टाकीतलं तेल वापरून खाली आणा. उरलेलं स्वच्छ तेल नव्या टाकीत चढवून घेता येतं. गाळ आणि गढूळ तेल मात्र टाकाऊ म्हणून न्यावं लागतं आणि त्याचे गॅलनमागे पैसे पडतात. अनेक घरांत आंघोळीचं गरम पाणीही त्याच बॉयलरमधून येतं. म्हणून नवी टाकी आधी बसवून जोडून घ्यावी आणि मग जुनी काढावी.

तिसरं, कोटेशन. किमान तीन घ्या आणि ती एकाच मापानं मोजा. टाउनशिपचं परमिट, ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या तारा-वाहिन्यांच्या खुणा करून घेणं, तेल उपसणं, टाकी कापून आतून साफ करणं, किती गॅलनपर्यंतचा गाळ भावात धरला आहे, मातीचे नमुने आणि प्रयोगशाळेचा खर्च, भरावाची स्वच्छ माती, यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे लेखी हवं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: छिद्र निघालं तर पुढे काय? दूषित मातीचा टनामागे दर काय, आणि त्या क्षणी काम थांबवून दुसऱ्याचा भाव घेण्याचा मला हक्क आहे का? हे उत्तर करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. गळती शोधणारा आणि गळती साफ करण्याचे पैसे घेणारा एकच असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. खड्डा कुंपण घालून, झाकून, काढलेली माती प्लास्टिकवर ठेवून काही दिवस थांबता येतं. त्या थोड्या दिवसांत हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. ठेकेदार न्यू जर्सीच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र असलेला आहे ना, हेही तपासा. ओळखीच्या कुणी पाचशे डॉलर कमी सांगितले म्हणून बिनपरमिट खोदाई करून घेणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. टाकी गेलेली असते, पण ती कशी निघाली याचा पुरावा नसतो, आणि घर विकताना खरेदीदार तिथेच पुन्हा खोदायला लावतो.

चौथं, जे आपण करू शकतो ते आपण करावं. फुलझाडं आधी हलवणं, कुंपणाची फळी काढून यंत्राला वाट करून देणं, सप्टेंबरमध्ये गवत पेरणं, ही कामं ठेकेदाराकडून करून घेतली तर बिल फुगतं. आमच्याकडे ही सगळी कामं घरच्यांनी केली.

नव्या टाकीबद्दल दोन शब्द. २७५ गॅलनची उभी टाकी २७ इंच रुंद असते, त्यामुळे ती बेसमेंटच्या बहुतेक दारांतून आत जाते. भरल्यावर तिचं वजन टनाच्या आसपास होतं, म्हणून खाली पक्की सपाट फरशी हवी. बॉयलरच्या ज्योतीपासून ती किमान ५ फूट दूर असावी. बाहेर ठेवायची असेल तर कडाक्याच्या थंडीत तेल दाट होऊन नळीत अडकतं हे ध्यानात घ्या. जमत असेल तर बेसमेंटच बरं. तेलाची नवी नळी प्लास्टिकच्या आवरणातली घ्या आणि नळी तुटली तर तेल थांबवणारा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवून घ्या. मॅसॅच्युसेट्सनं तेलावर तापणाऱ्या घरांत ही नळी किंवा हा व्हॉल्व्ह यांपैकी एक कायद्यानं सक्तीचं केलं आहे. सक्ती नसली तरी खर्च इतका थोडा आहे की मी दोन्ही घ्यायला सांगते. आणि एक गोष्ट विसरू नका: बेसमेंटमधली टाकी पुढे कधी काढली, तर तिची भरण्याची नळी त्याच दिवशी काढून भिंतीचं भोक बुजवा. नळी जागेवर राहिली आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या ट्रकनं त्यात शेकडो गॅलन तेल ओतलं, असे प्रकार प्रत्यक्षात घडले आहेत. टाकी नसलेल्या बेसमेंटमध्ये तेलाचं तळं होतं आणि घर राहण्याजोगं उरत नाही.

टाकी जागीच ठेवून, साफ करून तिच्यात वाळू किंवा फोम भरण्याचीही पद्धत आहे. टाकी घराच्या जोत्याला खेटून किंवा नंतर बांधलेल्या खोलीखाली असेल तर ती वाजवी ठरते. पण तेव्हाही टाकीखालच्या मातीचे नमुने काढून घ्यावेत. नमुन्यांशिवाय भरलेली टाकी पुढच्या खरेदीदाराच्या डोळ्यांत संशयच राहते. ज्यांनी पूर्वी गॅस घेतला आणि टाकीचं काय केलं ते आठवत नाही, अशा काकांना मी सांगते की टाउनशिपच्या कार्यालयात जुनं परमिट शोधा. सापडलं नाही तर धातुशोधक आणि रडारनं अंगण तपासणारे लोक काही शे डॉलरमध्ये येतात.

काम झालं की कागद एकत्र ठेवा: परमिट आणि इन्स्पेक्टरची मंजुरी, गाळ आणि भंगार नेल्याच्या पावत्या, प्रयोगशाळेचा अहवाल, उघड्या खड्ड्याचे आणि टाकीच्या तळाचे फोटो. गळती निघून साफसफाई झाली असेल तर राज्याचं ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’ (आणखी काही करण्याची गरज नाही) असं पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विकताना घराची किंमत टिकवतात ते हेच कागद.

जुन्या मतातलं मी काय ठेवलं आहे, हेही सांगायला हवं. घबराट पसरवणाऱ्यांवरचा अविश्वास मी ठेवला आहे. प्रत्येक पुरलेली टाकी गळत नाही आणि टाकी असलेलं घर घेऊच नये, असं मी कधीही सांगणार नाही. घेणाऱ्याला मी सांगते, विकणाऱ्याकडून टाकी काढून, माती तपासून घ्या आणि मग निश्चिंत मनानं घ्या. ज्याच्याकडे आज खरोखरच पैसे नाहीत, त्याला मी दोष देणार नाही. त्यानं निदान टाकीभोवतीच्या मातीचे नमुने तपासून घ्यावेत, दरमहा थोडे बाजूला टाकावेत आणि एक उन्हाळा ठरवून ठेवावा.

पैशांपलीकडचं एक कारणही आहे आणि ते दिवसेंदिवस मला मोठं वाटू लागलं आहे. हंटरडनसारख्या काउंटीत अजून पुष्कळ घरं आपल्याच विहिरीचं पाणी पितात. माझ्या अंगणातून निघालेलं तेल माझ्या कुंपणापाशी थांबत नाही. टाकी माझी, जमीन माझी, निर्णय माझा, असं म्हणत मी इतकी वर्षं फक्त माझ्या खर्चाचा हिशोब मांडत होते. पण खालचं पाणी शेजाऱ्यांचंही आहे, आणि आपण घर विकून गेल्यावर तिथे खेळायला येणाऱ्या मुलांचंही आहे. आपण या देशात घरं घेतली, झाडं लावली, मुलं वाढवली. त्या घराखालची माती पुढच्या माणसाला स्वच्छ देणं हेही त्या घरमालकीतच येतं.

म्हणून आता कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: टाकी चांगली आहे म्हणून ठेवू नका. चांगली आहे, हातात वेळ आहे आणि भाव करण्याची ताकद तुमच्याकडे आहे, म्हणूनच काढा. येत्या मार्चमध्ये तेलवाल्याला फोन करून पुरवठा थांबवा आणि पहिलं कोटेशन मागवा.